घटक ५ : ग्रीक राजांची कांस्य नाणी – नाण्यावरील लेख आणि षष्ठी विभक्ती

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –

● प्राचीन ग्रीक कांस्य नाण्यांचे स्वरूप आणि ती काढणाऱ्या प्रमुख राजांची माहिती सांगता येईल.
● नाण्यावरील लेखात षष्ठी विभक्ती का येते, हे स्पष्ट करता येईल.
● ग्रीक आणि प्राकृत अशा दुहेरी लेखांची भाषिक तुलना करता येईल.
● ब्राह्मी व खरोष्ठी लिपींच्या वाचनात या नाण्यांचा वाटा विशद करता येईल.
● प्राकृत षष्ठीचा ‘-स’ आणि मराठी विभक्तिव्यवस्था यांचा संबंध मांडता येईल.

५.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण प्राकृत भाषांतील नामविभक्तींचा परिचय करून घेतला. विभक्तिप्रत्ययांची कोष्टके पाठ करताना हे प्रत्यय कोणी, कोठे आणि कशासाठी वापरले, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. प्रस्तुत घटकात तो प्रश्न मुद्दाम विचारायचा आहे. त्यासाठी आपण शिलालेख किंवा ग्रंथ न घेता हातात मावणारा लेख घेणार आहोत, तो म्हणजे नाणे.

नाण्यावर जागा थोडी असते. तीत दोन-चार शब्द बसतात आणि क्रियापद तर नसतेच. वहीच्या मुखपृष्ठावर ‘सुमनची’ एवढेच लिहिले, तरी ‘वही’ हा शब्द वाचणारा मनात पुरवून घेतो. ग्रीक नाण्यावरील लेखाची रचना नेमकी अशीच आहे. ‘राजा मिनँडरचे’ एवढेच तेथे लिहिलेले असते. काय, ते हातातली वस्तूच सांगते. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाचा घटक राजाच्या नावाला लागलेला षष्ठीचा प्रत्यय आहे. नाणे कोणाचे, म्हणजेच सत्ता कोणाची, हे तो सांगतो.

हा एक प्रत्यय हाती धरून आपण सिसिलीपासून गांधारापर्यंत आणि तेथून नाशिकपर्यंत जाणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ कांस्य नाणे : धातू आणि व्यवहार

नाणी पाडण्याची पद्धत आशिया मायनरमधील लिडिया व तेथील ग्रीक नगरांत इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ही पहिली नाणी सोने व चांदी यांच्या नैसर्गिक मिश्रधातूची होती. पुढे ग्रीक नगरांनी मुख्यत्वे चांदीचा स्वीकार केला. परंतु चांदीचे नाणे कितीही लहान केले, तरी भाजीपाला किंवा पावभर तेल घेण्यासाठी ते मोठेच ठरे. आणि फार लहान केले तर बोटांतून निसटून जाई. या अडचणीतून कांस्य नाणे जन्माला आले. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिली आणि दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांनी ते प्रथम रूढ केले. चौथ्या शतकात ते ग्रीक जगात सर्वत्र पसरले.

कांस्य म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू, अर्थात कासे. नाणकशास्त्रात मात्र तांब्याच्या आणि काशाच्या नाण्यांना मिळून ‘कांस्य नाणी’ म्हणण्याचा प्रघात आहे. ग्रीक भाषेतही ‘खाल्कोस’ हा एकच शब्द दोन्ही धातूंसाठी वापरला जाई. त्यावरून सर्वांत लहान नाण्याला ‘खाल्कूस’ हे नाव पडले. अथेन्समध्ये आठ खाल्कूसांचा एक ओबोल आणि सहा ओबोलांची एक द्राख्मा होई. ‘ओबोल’ या शब्दाचा संबंध लोखंडी सळईशी आहे, तर ‘द्राख्मा’ म्हणजे मूठभर. नाणी येण्यापूर्वी सळया हे विनिमयाचे साधन होते आणि सहा सळयांची एक मूठ होई, अशी या नावांमागची कल्पना आहे.

चांदीच्या नाण्याचे मोल बहुतांशी त्याच्या धातूत असते. ते परमुलखातही वजनावर चालते. कांस्य नाण्याचे मोल मात्र त्यातील धातूपेक्षा जास्त ठरवलेले असते. ते काढणाऱ्या सत्तेवर विश्वास आहे तोवर आणि त्या सत्तेच्या हद्दीतच ते चालते. साहजिकच ते दूर जात नाही. ते गावच्या बाजारात, सैनिकाच्या कनवटीला आणि दुकानदाराच्या गल्ल्यात फिरत राहते. म्हणून कांस्य नाण्यावरील लेख कोणत्या भाषेत आहे, हे पाहिले की राजाला कोणाशी बोलायचे होते, हे कळू लागते.

५.२.२ लोकांकडून राजाकडे : लेखाचा बदलता स्वामी

आरंभीच्या ग्रीक नाण्यांवर राजाचे नाव नसे, कारण बहुतेक नगरांत राजा नव्हता. सिरॅक्यूजच्या नाण्यांवर ‘सिराकोसिओन’ असा लेख आढळतो. ही षष्ठीचे अनेकवचन आहे आणि तिचा अर्थ ‘सिरॅक्यूजकरांचे’ असा होतो. नाण्याचा स्वामी नागरिकांचा समुदाय आहे, हे त्या अनेकवचनातून व्यक्त होते.

मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. ३५९ ते ३३६) याच्या कांस्य नाण्यांवर एका बाजूस तरुणाचे मस्तक आहे. ते सामान्यतः अपोलोचे मानले जाते. दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि ‘फिलिप्पू’ हा एकच शब्द आहे. ‘फिलिप्पोस’ या प्रथमेचे हे षष्ठीचे एकवचन, ‘फिलिपचे’. त्याला ‘राजा’ ही उपाधीसुद्धा जोडलेली नाही. त्याचा मुलगा अलेक्झांडर (इ.स.पू. ३३६ ते ३२३) याच्या कांस्य नाण्यांवर सिंहाचे कातडे पांघरलेल्या हेराक्लिसचे मस्तक, मागील बाजूस गदा व धनुष्य आणि ‘अलेक्सांद्रू’ हा लेख आहे. त्याच्या काही नाण्यांवर मात्र ‘बासिलेओस’ हा शब्दही येतो. ‘बासिलेउस’ म्हणजे राजा. ‘बासिलेओस’ ही त्याची षष्ठी.

अशा रीतीने नाण्यावरील षष्ठी अनेकवचनाकडून एकवचनाकडे, आणि नुसत्या नावाकडून उपाधीसह नावाकडे सरकली. राज्यव्यवस्थेतील बदल व्याकरणाच्या रूपांत उमटला, तो असा.

५.२.३ अलेक्झांडरचे वारस

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचे साम्राज्य सेनापतींनी आपसात वाटून घेतले. त्यांच्यापैकी तिघांच्या घराण्यांची किंवा राज्यांची नाणी आपल्या विषयाच्या दृष्टीने उपयुक्त आहेत.

मॅसिडोनियात कसांडर सत्तेवर आला. त्याने सोन्याचांदीची नाणी स्वतःच्या नावाने काढली नाहीत. ती फिलिप व अलेक्झांडर यांच्याच नावांनी चालू राहिली. दूरच्या व्यापाऱ्यांचा आणि भाडोत्री सैनिकांचा त्या नावांवर भरवसा होता. स्वतःचे नाव त्याने घातले ते कांस्य नाण्यांवर. आधी नुसते ‘कसांद्रू’, आणि इ.स.पू. ३०५ च्या सुमारास राजपद धारण केल्यावर ‘बासिलेओस कसांद्रू’. त्याचा राजा होण्याचा दावा सर्वांत हलक्या नाण्यावर प्रथम वाचावा लागतो.

इजिप्तमधील टॉलेमी घराण्याने मोठाली कांस्य नाणी काढली. त्यांतील सर्वांत जड नाणी नव्वद ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यांवर झ्यूस-आमोन या देवाचे मस्तक आणि मागे वज्रावर उभा गरुड असतो. लेख ‘टोलेमाइऊ बासिलेओस’, म्हणजे ‘टॉलेमी राजाचे’. या घराण्यातील प्रत्येक राजाचे नाव टॉलेमीच होते. त्यामुळे लेख स्पष्ट वाचता येऊनही नाणे कितव्या टॉलेमीचे, हे ठरवणे कठीण जाते. तेथे अभ्यासकांना घडण, वजन आणि सापडल्याचे ठिकाण यांचा आधार घ्यावा लागतो. लेख वाचणे आणि लेखातील व्यक्ती ओळखणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे आपण लक्षात ठेवावे.

सीरियातील सेल्युकस घराण्यात चौथा अँटिओकस (इ.स.पू. १७५ ते १६४) याने लेखात ‘थेऊ एपिफानूस’ म्हणजे ‘प्रकट झालेल्या देवाचे’ असे शब्द वाढवले. त्याच्याच काळात टायर, सायडन इत्यादी फिनिशियन नगरांतील कांस्य नाण्यांवर ग्रीकच्या जोडीला फिनिशियन भाषेतील लेखही आला. राजाचे नाव ग्रीकमध्ये आणि नगराचे नाव स्थानिक लोकांच्या भाषेत, अशी ही मांडणी होती. दोन भाषांतील कांस्य नाण्याची ही कल्पना पूर्वेकडे याहून अधिक पूर्णत्वास गेली.

आपली प्रगती तपासा – १
अ) ‘सिराकोसिओन’ आणि ‘फिलिप्पू’ या रूपांतील वचनभेद कोणता राजकीय फरक दाखवतो?
आ) कसांडरने स्वतःचे नाव कोणत्या धातूच्या नाण्यांवर घातले?

५.२.४ दोन भाषांचे नाणे : बॅक्ट्रिया ते गांधार

हिंदुकुश पर्वताच्या उत्तरेस, आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तर भागात व त्याला लागून असलेल्या प्रदेशात, बॅक्ट्रियाचे ग्रीक राज्य होते. तेथील राजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हिंदुकुश ओलांडून दक्षिणेकडे आले. तेथे त्यांना वेगळी भाषा, वेगळ्या लिपी आणि नाण्यांची वेगळी परंपरा भेटली. येथील लोकांना चौकोनी नाण्यांची सवय होती.

पँटालिऑन आणि ॲगाथोक्लीस या राजांनी चौकोनी कांस्य नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस सिंहीण किंवा चित्ता वाटावा असा प्राणी आणि ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूस फूल घेतलेली भारतीय वेषातील स्त्री आणि ब्राह्मी लिपीतील लेख आहे. पँटालिऑनच्या नाण्यावरील ब्राह्मी लेख ‘राजने पंतलेवस’ असा वाचला जातो. ‘राजने’ हे ‘राजन्’ या शब्दाचे प्राकृतातील षष्ठीचे रूप आहे. त्याची संस्कृत जोड ‘राज्ञः’ होय.

यानंतरच्या राजांनी ब्राह्मीऐवजी खरोष्ठी लिपी स्वीकारली. ही लिपी आरमाइक लिपीपासून निघाली असून उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेद दाखवलेला नसतो. भाषा गांधारी प्राकृत. अपोलोडोटस, युक्रेटायडीस, मिनँडर, अँटिअल्किडस, आर्खेबिअस अशा अनेक राजांनी अशी दुहेरी लेखांची नाणी काढली. या प्रदेशातील तीसहून अधिक ग्रीक राजे आज ज्ञात आहेत. प्राचीन ग्रंथांत त्यांपैकी मोजक्यांचाच उल्लेख येतो. बाकीच्यांचे अस्तित्व केवळ नाण्यांनी राखले आहे.

या सर्वांत मिनँडरची कीर्ती मोठी. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्याने राज्य केले. पाली ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथातील राजा मिलिंद तो हाच. ‘मेनांद्रोस’ या नावातील दोन नासिक्य व्यंजनांपैकी एकाच्या जागी ‘ल’ येऊन ‘मिलिंद’ हे रूप सिद्ध झाले. दोन सारख्या ध्वनींपैकी एक बदलण्याच्या या प्रक्रियेला आपण विषमीभवन म्हणतो. त्याच्या कांस्य नाण्यांवर अथेना देवी, हत्तीचे मस्तक व गदा, तसेच आठ आऱ्यांचे चक्र अशी चिन्हे आढळतात. त्याचे दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहू.

ग्रीक : बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू
गांधारी : महरजस त्रतरस मेनंद्रस
अर्थ : महाराज, त्राता मिनँडर याचे

ग्रीक लेखात तीन शब्दांना तीन निरनिराळे शेवट आहेत : ‘-एओस’, ‘-ओस’ आणि ‘-ऊ’. शब्दांचे वर्ग वेगळे म्हणून षष्ठीची रूपे वेगळी. गांधारीत मात्र तिन्ही शब्दांच्या शेवटी एकच ‘-स’ आहे. संस्कृतात ‘त्रातृ’ या ऋकारान्त शब्दाची षष्ठी ‘त्रातुः’ अशी होते. गांधारी बोलणाऱ्यांनी ‘त्रातारम्’ यांसारख्या रूपांतून ‘त्रातार’ हा नवा अकारान्त शब्द घडवला आणि त्याला ‘-स’ लावला. अवघड रूपे सोप्या व बहुसंख्य रूपांच्या धर्तीवर घडवणे यालाच सादृश्य म्हणतात. प्राकृतांच्या विकासातील हे महत्त्वाचे तत्त्व येथे एका नाण्यावर दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. होमरच्या जुन्या ग्रीकमध्ये अकारान्त पुल्लिंगी नामांना समांतर असणाऱ्या नामांची षष्ठी ‘-ओइओ’ अशी होते. ती आणि संस्कृतातील ‘-अस्य’ एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययापासून आल्या आहेत. ‘मेनांद्रू’ मधील ‘-ऊ’ हे त्याच ग्रीक प्रत्ययाचे आखूड झालेले रूप सामान्यतः मानले जाते. ‘मेनंद्रस’ मधील ‘-स’ तर उघडच ‘-अस्य’चा वंशज आहे. एका मुळातून निघालेली ही दोन रूपे शेकडो वर्षांच्या स्वतंत्र प्रवासानंतर एकाच कांस्य तुकड्याच्या दोन बाजूंवर येऊन बसली. ज्यांनी ते नाणे पाडले त्यांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तुलनात्मक भाषाविज्ञानाने ते नाते उघड केले.

स्वामित्वाचा प्रश्न नेहमी इतका सरळ नसतो. राणी ॲगाथोक्लिआ हिच्या काही नाण्यांवर ग्रीक लेखात ‘बासिलिस्सेस’ म्हणजे ‘राणीचे’ या शब्दासह तिचे स्वतःचे नाव आहे. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूस खरोष्ठीत मात्र ‘स्त्रतस’, म्हणजे ‘स्ट्रेटोचे’ असे आहे. स्ट्रेटो हा तिचा मुलगा मानला जातो. एकाच नाण्याचे दोन भाषांत दोन स्वामी झाले. युक्रेटायडीसच्या काही कांस्य नाण्यांवर याहून वेगळी षष्ठी आढळते : ‘कविसिये नगर देवत’, म्हणजे ‘कापिशी नगरीची देवता’. येथे षष्ठी नगरीची आहे आणि ती नाण्याच्या मालकीविषयी बोलत नाही. शेजारच्या चित्राचा परिचय करून देते. म्हणून षष्ठी दिसली की ती कोणत्या नामाशी संबंध जोडते, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

५.२.५ बिरुदांचे भाषांतर

राजाच्या नावाचे लिप्यंतर होते. बिरुदाचे मात्र भाषांतर करावे लागते. नाण्यांवरील काही जोड्या अशा आहेत :

सोतेर – त्रतर (त्राता)
दिकाइओस – ध्रमिक (धार्मिक)
निकेफोरोस – जयधर
अनिकेतोस – अपडिहत (अप्रतिहत)

‘निकेफोरोस’ या सामासिक शब्दात ‘निके’ म्हणजे विजय आणि ‘-फोरोस’ म्हणजे धारण करणारा. भाषांतरकाराने प्रत्येक अवयवाला प्रतिशब्द देऊन ‘जयधर’ हा समास घडवला. ‘दिकाइओस’चा मूळ अर्थ ‘न्यायी’. त्यासाठी ‘ध्रमिक’ हा शब्द निवडताच ग्रीक न्यायकल्पनेची जागा भारतीय धर्मकल्पनेने घेतली. ‘धार्मिक’चे ‘ध्रमिक’ होणे हे गांधारीतील रकाराच्या स्थानांतराचे, म्हणजे वर्णविपर्यासाचे उदाहरण आहे.

‘अनिकेतोस’ हा शब्द आपल्याला सावध करणारा आहे. संस्कृत ‘अनिकेत’ म्हणजे ज्याला घर नाही तो. ग्रीक शब्दाचे अवयव मात्र ‘अ-निके-तोस’ असे असून त्याचा अर्थ ‘अजिंक्य’ असा होतो. ध्वनिसाम्य पूर्ण, पण व्युत्पत्तिसंबंध काहीही नाही. नाण्यावरील लेखनिकाने हा फरक नेमका जाणला आणि ‘अपडिहत’ हा शब्द योजला. दोन्ही भाषा उत्तम जाणणारे लोक टांकसाळीच्या आसपास होते, याचा हा पुरावा होय.

ही भाषांतरित बिरुदे पुढे ग्रीक राजांपुरती मर्यादित राहिली नाहीत. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे हेलिओडोरस या ग्रीक दूताने उभारलेला गरुडस्तंभ आहे. त्यावरील ब्राह्मी लेखात तक्षशिलेचा राजा अँटिअल्किडस ‘महाराज’ आहे आणि स्थानिक राजा भागभद्र याला ‘त्रतर’ हे बिरुद लावलेले आहे. ‘सोतेर’चा हा प्राकृत प्रतिशब्द आता भारतीय राजाच्या नावापुढे आला.

५.२.६ हरवलेल्या लिपींचे वाचन

कालांतराने ब्राह्मीची जुनी वळणे आणि खरोष्ठी ही संपूर्ण लिपी वाचणारे कोणी उरले नाही. अशोकाचे लेख डोळ्यांसमोर असूनही ते मुके राहिले. त्यांना वाचा फुटण्यास या नाण्यांचे मोठे साह्य झाले.

१८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन यांनी अफगाणिस्तानात बेग्राम व परिसरातून हजारो नाणी जमवली. बहुसंख्य नाणी तांब्याचीच होती. ग्रीक बाजूवर मिनँडर, अपोलोडोटस यांची नावे आणि ‘राजा’, ‘त्राता’ हे शब्द येतात, तेव्हा दुसऱ्या बाजूवर ठरावीक चिन्हसमूह येतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ते कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांना कळवले. प्रिन्सेप तेथील टांकसाळीत धातूंची पारख करणारे अधिकारी होते. प्रिन्सेप, ख्रिश्चन लासेन आदी अभ्यासकांनी नामसाम्याच्या या धाग्यावरून खरोष्ठीची अक्षरे निश्चित करत नेली. एका लेखातील प्रत्येक शब्दाच्या शेवटी तेच चिन्ह का येते, याचे उत्तर षष्ठीच्या ‘-स’मध्ये होते.

ब्राह्मीच्या बाबतीतही असेच घडले. १८३६ मध्ये लासेन यांनी ॲगाथोक्लीसच्या दुहेरी लेखाच्या नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरे ओळखली. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांनी सांचीच्या स्तूपावरील छोटे लेख पाहताना बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे हेरले. ती दानलेखांची अखेर असावी, असा तर्क करून त्यांनी ‘दानं’ हा शब्द वाचला. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर ‘स’ होते, अर्थात ‘अमक्याचे दान’. नाण्यावर ‘अमक्याचे नाणे’ आणि स्तूपावर ‘अमक्याचे दान’. किल्ली दोन्हीकडे एकच होती. लिपी उलगडण्यासाठी केवळ तर्कबुद्धी पुरत नाही, भाषेचे व्याकरण माहीत असावे लागते, हे या इतिहासावरून ध्यानी येते.

आपली प्रगती तपासा – २
अ) ‘त्रतरस’ हे रूप सादृश्याचे उदाहरण कसे ठरते?
आ) सांचीच्या लेखांतील ‘दानं’च्या आधी येणाऱ्या ‘स’चे व्याकरणिक कार्य कोणते?

५.२.७ महाराष्ट्रापर्यंत

ग्रीक राजांची सत्ता दख्खनमध्ये आली नाही. त्यांच्या नाण्यांचा परिणाम मात्र आला. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच येथे अपोलोडोटस व मिनँडर यांच्या जुन्या द्राख्मा अजून चालत असल्याची नोंद आहे. पश्चिम क्षत्रपांनी त्याच धर्तीवर चांदीची नाणी काढली. क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. त्यांतील ग्रीक अक्षरे वाचली, तर ग्रीक भाषा सापडत नाही. ‘राजा क्षहरात नहपानाचे’ हा प्राकृत लेखच ग्रीक अक्षरांत उतरवलेला आहे. लिपी उरली, भाषा गेली. आणि परक्या लिपीतही षष्ठी प्राकृताचीच राहिली.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याच्या लेखात ‘गोतमिपुतस’ आणि ‘सातकणिस’ अशी रूपे येतात. नहपानाची षष्ठी पुसून तिच्यावर गौतमीपुत्राची षष्ठी उमटली. सत्तांतराची याहून थेट नोंद शोधून सापडणार नाही. सातवाहनकाळातील कार्ले येथील लेण्यात यवनांनी स्तंभ दान दिल्याचे लेख आहेत. त्यांतही दात्याचा निर्देश षष्ठीनेच होतो.

आता आपल्या भाषेकडे वळू. प्राकृतांत चतुर्थी विभक्ती बहुतांशी लोपली आणि तिचे कार्य षष्ठी करू लागली, असे प्राकृत वैयाकरण सांगतात. मराठीत ‘रामास दिले’, ‘देवास वाहिले’ असे म्हणताना आपण जो ‘-स’ वापरतो, त्याचा उगम प्राकृत षष्ठीच्या ‘-स्स’मध्ये आहे, असे मराठीच्या इतिहासाचा विचार करणाऱ्या अनेक अभ्यासकांनी मानले आहे. मराठी गांधारीतून निघाली, असा याचा अर्थ नाही. गांधारी आणि महाराष्ट्री या भगिनी भाषा आहेत. दोघींनी ‘-अस्य’चा वारसा आपापल्या परीने सांभाळला. ‘कोणाचे’ सांगणारा प्रत्यय मराठीत ‘कोणाला’ सांगू लागला आणि मालकीसाठी आपण ‘चा-ची-चे’ हे नवे साधन घेतले. शब्दसंग्रहातही एक खूण उरली आहे : द्राख्मा, मग ‘द्रम्म’, आणि अखेरीस आपला ‘दाम’.

५.३ सारांश

कांस्य नाणे हे सामान्य माणसाच्या व्यवहाराचे नाणे होते. त्यावरील लेख षष्ठी विभक्तीत असून तो सत्तेचा स्वामी सांगतो. ग्रीक जगात हा स्वामी आधी नागरिकसमुदाय, मग राजा आणि नंतर बिरुदधारी राजा असा बदलत गेला. कसांडर, टॉलेमी आणि अँटिओकस यांच्या नाण्यांत या बदलाचे टप्पे दिसतात. बॅक्ट्रिया व गांधार येथील ग्रीक राजांनी स्थानिक लोकांच्या भाषेत व लिपीत लेख दिले. त्यामुळे नामांचे लिप्यंतर, बिरुदांचे भाषांतर, सादृश्य, विषमीभवन व वर्णविपर्यास यांची उदाहरणे आपल्याला मिळाली आणि विस्मृत लिपींचे वाचनही शक्य झाले. मराठी चतुर्थीचा ‘-स’ हा त्याच जुन्या षष्ठीचा वारसा मानला जातो.

५.४ पारिभाषिक शब्द

नाणकशास्त्र : नाण्यांचा शास्त्रीय अभ्यास.
दुहेरी लेख : एकाच वस्तूवरील दोन भाषांतील समानार्थी लेख.
लिप्यंतर : एका लिपीतील उच्चार दुसऱ्या लिपीत लिहिणे.
सादृश्य : बहुसंख्य रूपांच्या धर्तीवर नवे रूप घडणे.
विषमीभवन : सारख्या ध्वनींपैकी एक बदलणे.
वर्णविपर्यास : शब्दातील वर्णांची जागा बदलणे.

५.५ ‘आपली प्रगती तपासा’ – उत्तरे

१ अ) अनेकवचन नागरिकसमुदायाचे, तर एकवचन एका शासकाचे स्वामित्व दाखवते. आ) कांस्य.
२ अ) ‘त्रातृ’ या ऋकारान्त शब्दापासून ‘त्रातार’ हा अकारान्त शब्द घडवून त्याला अकारान्त नामांचा ‘-स’ लावला आहे. आ) षष्ठीचा प्रत्यय म्हणून तो दात्याचा दानाशी संबंध दाखवतो.

५.६ स्वाध्याय

१. कांस्य नाणे आणि चांदीचे नाणे यांच्या व्यवहारातील फरक सांगून, तो लेखाच्या भाषेवर कसा परिणाम करतो, ते लिहा.
२. मिनँडरच्या ग्रीक व गांधारी लेखांची विभक्तिरूपांच्या आधारे तुलना करा.
३. ‘अनिकेतोस’ आणि ‘अनिकेत’ यांच्या आधारे, केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती का ठरवू नये, हे सोदाहरण स्पष्ट करा. आपल्या बोलीतील असे एखादे उदाहरण द्या.
४. उपक्रम : शिवराई या तांब्याच्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ असा लेख असतो. त्यातील विभक्ती ओळखा. ग्रीक नाण्यावरील षष्ठीशी तिची तुलना करून, दोन्ही लेख वाचणाऱ्याला कोणती वेगवेगळी गोष्ट सांगतात, यावर दहा ओळी लिहा आणि संपर्क-सत्रात त्यावर चर्चा करा.